घाटावरचा मास्तर, खाडीकाठची शाळा : प्रस्तावना

परक्या मुलखात जाऊन तेथील मुलांना शिकविण्याचे काम ज्यांनी पत्करले, त्यांच्या टिपणांना जगाच्या वाङ्मयात एक स्वतंत्र स्थान आहे, आणि त्यांत जपानातील शिक्षकांच्या टिपणांचा वाटा मोठा आहे. लाफ्काडिओ हर्न हा ग्रीक मातेच्या पोटी जन्मलेला, आयरिश वंशाचा गृहस्थ १८९० साली जपानात उतरला, मात्सुए नावाच्या एका आडवळणाच्या गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवू लागला, आणि १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जपानविषयक ग्रंथात त्या शाळेच्या रोजनिशीस एक सबंध प्रकरण मिळाले. पुढे कोईझुमी सेत्सु या जपानी स्त्रीशी त्याचा विवाह झाला, त्याने जपानी नागरिकत्व घेतले, कोईझुमी याकुमो हे नाव धारण केले. तरीही त्या पतिपत्नींमध्ये अखेरपर्यंत जी भाषा चालली ती क्रियापदांची रूपे न चालविता, वाक्यातील लहानसहान अव्यये गाळून बनविलेली अशी एक घरगुती जपानी होती, आणि त्या भाषेला त्याच्याच नावाने ओळखण्याचा प्रघात त्या देशात आजही आहे. शाळेत ज्याला लवून नमस्कार केला जातो तो मनुष्य शाळेचे आवार ओलांडताच भाजीवाल्याचा, शेजाऱ्याचा, स्वतःच्या बायकामुलांचा विद्यार्थी होतो, ही परमुलखातील शिक्षकाची खरी अवस्था हर्नच्या चरित्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. १९८७ पासून जपान सरकारने परदेशी तरुणांना शाळाशाळांतून साहाय्यक शिक्षक म्हणून नेमण्याची योजना चालविली आहे, आणि अलीकडे तर महाराष्ट्रातून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक हे इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. म्हणजे ही परंपरा खंडित झालेली नाही, आणि मराठी माणूस तिच्या बाहेरही राहिलेला नाही.

परंतु प्रस्तुत पुस्तकाचा विषय समुद्रापलीकडील नाही. परकेपणा अनुभवण्यासाठी शिक्षकाला देशांतर करावे लागते, ही समजूत आपल्या शिक्षणविचारात इतकी रुजलेली आहे की, सोलापूर, बीड, सांगली किंवा बुलढाणा जिल्ह्यात वाढलेला तरुण नेमणुकीचा हुकूम हाती घेऊन पेण तालुक्यातील एखाद्या खारपट्टीच्या गावात अथवा रोहे तालुक्यातील डोंगरवाडीवर रुजू होतो, तेव्हा तो परमुलखात आला आहे असे शिक्षणखात्याच्या दप्तरी कोठेही नोंदले जात नाही. त्याची मातृभाषा मराठी, शाळेचे माध्यम मराठी, मुलांच्या दाखल्यावरील मातृभाषाही मराठी. तेव्हा अडचण कशाची, असा हा हिशेब आहे. जपानात गेलेल्या परक्या शिक्षकाला आपण परके आहोत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि त्याच्या भोवतालचे लोकही ते जाणून त्याला सांभाळून घेतात. आपल्याच भाषेच्या मुलखात परका ठरलेल्या शिक्षकाला मात्र ते कोणी सांगत नाही. त्यामुळे जे त्याला उमगत नाही त्याचा दोष तो मुलांच्या माथी मारून मोकळा होतो. हे थांबावे, या एका तळमळीने ही टिपणे एकत्र केली आहेत. त्यांचा लेखकही घाटावरचाच आहे आणि पेण-रोह्याच्या शाळांतूनच त्याची हयात गेली आहे, एवढे सांगून स्वतःविषयीचे निवेदन आटोपतो.

पेण आणि रोहे हे दोन्ही तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील. १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पेणेस भोगावती नदी, अंतोऱ्याचे जुने बंदर आणि धरमतरची खाडी; रोह्यास कुंडलिका, ग्रामदैवत धावीर महाराज आणि अलीकडच्या काळात धाटावची औद्योगिक वसाहत. बोरघाटाने उतरणारा देशावरचा माल एके काळी पेणेच्या बाजारातून गलबतांवर चढत असे. १९९८ साली पूर्णत्वास गेलेली कोकण रेल्वे रोह्यापासूनच पुढे सुरू होते. असा हा येण्याजाण्याचा मुलूख असला, तरी हमरस्ता सोडून अर्धा कोस आत शिरताच वेगळे जग लागते. पश्चिमेस खाडीच्या अंगाने आगरी व कोळी यांची गावे, पूर्वेस डोंगरउतारावर ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या, मध्ये भातशेती आणि मोठ्या गावांतून सर्व जातिधर्मांची मिश्र वस्ती. एकाच केंद्रशाळेच्या हद्दीत मराठीची तीन-चार रूपे नांदत असतात, आणि त्या सर्वांना मिळून पाठ्यपुस्तक एक असते.

घाटावरून आलेल्या शिक्षकास प्रथम बुचकळ्यात टाकते ते येथील कालगणनेचे वळण. देशावर ज्याला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा एवढे पुरते, त्याला खाडीकाठी समुद्राच्या पाण्याचे पंचांग शिकावे लागते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या पुढेमागे उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या अंतराने मागे सरकत जाते. गावातील सर्व व्यवहार या चक्रास बांधलेले असतात. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चिखलात उतरून चिंबोऱ्या व निवट्या धरण्याचे काम ज्या घरात आहे, त्या घरचे मूल आज दहा वाजता वर्गात असेल आणि चार दिवसांनी त्याच वेळी नसेल, यात आळशीपणाचा संबंध नाही. खारभूमीची गोष्ट याहून गंभीर आहे. समुद्राचे पाणी अडविणारा मातीचा बांध, आतील पावसाचे पाणी ओहोटीस बाहेर सोडणारी आणि भरतीस बंद होणारी उघाडी, आणि उधाणाच्या रात्री बांधाला कोठे खांड पडते की काय यावर गावाने धरलेला पहारा, यांवर त्या गावाचे भात अवलंबून असते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही पिके गेलीच. हे बांध राखण्यासाठी शिलोत्रीची पद्धत फार जुन्या काळापासून या जिल्ह्यात होती, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई सरकारने खारभूमीचा स्वतंत्र कायदाच केला. यावरून प्रश्नाचे महत्त्व ध्यानी यावे. श्रावणातील पौर्णिमेच्या सकाळी हजेरीपटावर अर्ध्या वर्गाची गैरहजेरी मांडणाऱ्या शिक्षकास आदल्या रात्री बांधावर काय घडले याची वार्ता नसेल, तर त्याची ती नोंद अक्षरशः खरी असूनही सर्वथा चुकीची ठरते. पेणेजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत आषाढ लागताच गणपतीच्या कारखान्यांतून रात्रंदिवस काम चालते, डोळ्यांची आखणी करणाऱ्या हातांना उसंत नसते, आणि घरातील मुले शाडूच्या नाहीतर रंगाच्या कामास लागलेली असतात. त्या महिन्यांतील अभ्यासाची आखणीही या वेळापत्रकाशी जुळवूनच करावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बोलीकडे वळतो, कारण या पुस्तकाचा मोठा भाग तिलाच दिलेला आहे. खाडीपट्टीतील तिसरीच्या वर्गात शुद्धलेखन घालावे. शिक्षक 'घोडा' सांगतो, मूल 'घोरा' लिहिते. 'गाडी' सांगितले की पाटीवर 'गारी' उमटते. 'होडी'ची 'होरी', 'झाड'चे 'झार' होते. शिक्षक चार चुका काढतो आणि मूल कच्चे आहे असा निर्णय देतो. पण तीच पाटी जरा सावकाश वाचली म्हणजे निराळेच काही दिसू लागते. त्याच मुलाने 'डोंगर' बिनचूक लिहिलेला असतो. 'डोळा' हा शब्द त्याने 'डोला' असा लिहिला असला तरी त्यातील 'ड' जागच्या जागी असतो. म्हणजे शब्दाच्या आरंभीचा 'ड' आगरी बोलीत टिकतो, स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या अंती आलेल्या 'ड'चा मात्र 'र' होतो, असा हा नियम आहे, आणि तो नियम कोणी न शिकविता त्या मुलाने अचूक पाळला आहे. 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येणे हेही तितकेच नियमबद्ध आहे: शाळेची 'शाला', नारळाचा 'नारल', मासळीची 'मासली', पाण्याचे 'पानी', लोण्याचे 'लोनी'. प्रमाणभाषेतील 'होडी' आणि 'होळी' यांतील भेद या बोलीत 'होरी' आणि 'होली' असा व्यवस्थित राखला जातो. अर्थाचा कोठेही घोटाळा होत नाही. ज्याला हा नियम कळला, तो शिक्षक पहिल्याच महिन्यात फळ्यावर दोन रकाने आखून घरचा शब्द व पुस्तकातील शब्द समोरासमोर लिहू शकतो, आणि मुले स्वतःच पुढची उदाहरणे आणून देऊ लागतात. मी हे अनेक वर्गांतून पाहिले आहे. शुद्धलेखनाच्या तासाला असा उत्साह मी अन्य कोणत्याही उपायाने आलेला पाहिला नाही. ज्याला नियम कळला नाही, तो शिक्षक प्रत्येक शब्दावर स्वतंत्र चूक काढीत वर्षअखेरीस पोहोचतो आणि मूल तोपर्यंत बोलणे सोडून देते.

उच्चारानंतर येते व्याकरण. 'मला'च्या जागी 'मना', 'आहे'च्या जागी 'हाय', नात्यांच्या नावांत 'आयस', 'बापूस', 'भावस' अशी कोकणातील पुष्कळ बोलींना साधारण असणारी रूपे. 'मना घरा जावाचं हाय' हे वाक्य ऐकून नवागत शिक्षक हसला, तर वर्गातील त्याची पत त्याच क्षणी उतरते, कारण त्या वाक्यात हसण्यासारखे काहीही नाही हे मुलांना ठाऊक असते. आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. डोंगरवाडीवरील कातकरी मूल गुरुजींना 'तू' म्हणते, जसे ते आपल्या आजोबांना आणि देवालाही म्हणते. पुणेरी वळणाच्या कानाला तो उद्धटपणा वाटतो. वस्तुतः ज्या भाषाव्यवहारात आदर सर्वनामात न ठेवता स्वरात, नजरेत आणि पुढे केलेल्या पाटावर ठेवलेला असतो, त्या व्यवहारातील तो सर्वात आपुलकीचा शब्द होय. जपानात याच्या नेमके उलट आहे. तेथे आदराची क्रियापदे निराळी, नम्रतेची निराळी, आणि विद्यार्थी शिक्षकाचा उल्लेख 'सेन्सेई' या पदवीवाचून करीत नाही. परका शिक्षक त्या आदरव्यवस्थेच्या पायऱ्या मोजता मोजता थकतो. मात्सुएतील परक्यास अधिक पायऱ्या शिकाव्या लागल्या आणि पेणेच्या वाडीवर आलेल्यास आपल्या पायऱ्या खाली ठेवाव्या लागतात, एवढाच काय तो फरक. शिकणे दोघांच्याही वाट्याला आहे.

बाहेरून आलेले शिक्षक या मुलखाला नवखे नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाणारे बेने इस्रायल ज्यू या जिल्ह्याच्या गावोगाव शेकडो वर्षे राहिले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे त्यांच्या वसतीची साक्ष देतात. त्यांची घरची व बाजारची भाषा मराठी होती, आणि आपल्या धर्मग्रंथांच्या हिब्रू भाषेशी त्यांचा परिचय फारच थोडा उरला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून ज्यू शिक्षक आले; त्यांपैकी शेलोमो सालेम शुराबी यांचे नाव त्या समाजात कृतज्ञतेने घेतले जाते. मलयाळी मुलखातून आलेल्या या शिक्षकांनी मराठी बोलणाऱ्या मुलांना हिब्रू प्रार्थना शिकवाव्या, हा भाषेच्या दृष्टीने केवढा अवघड योग! स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहून प्रसिद्ध केली तीही या समाजापुढे ठेवून. त्यांचा अंतस्थ हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, तथापि शिकणाराच्या भाषेतूनच शिकवावे हे सूत्र त्यांनी ओळखले होते. पुढे त्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत बेने इस्रायल समाजात बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली, आणि परक्या देशातील पुराणकथा साकी-दिंडीच्या चालीवर कोकणातील घरांत शिरली. आलेली विद्या येथल्या वळणाने गाऊ लागली तेव्हाच ती येथली झाली, असे मी या इतिहासावरून समजतो.

याच्या उलट दिशेचा दाखलाही जपानच्याच इतिहासात आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. मेइजी काळापासून एकच प्रमाण जपानी भाषा सर्व देशभर चालावी म्हणून जो हुकमी प्रयत्न झाला, त्यात ओकिनावा बेटांवरील शाळांतून बोलीत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकविण्याचा शिरस्ता पडला होता. दुसरे मूल बोलीत बोलताना सापडेपर्यंत पहिल्याने ती वागवायची, आणि मग ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. वेल्स देशातील शाळांतही एकोणिसाव्या शतकात असेच लाकडाचे तुकडे वापरीत. आपल्या शाळांत अशी पाटी कोणी कोरली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु 'नीट बोल', 'शुद्ध बोल', 'हे घरी' अशा शब्दांनी जी पाटी मुलाच्या मनावर टांगली जाते तिचे वजन कमी असते असे मला वाटत नाही. आगरी मूल निदान गावात बहुसंख्य असते. कातकरी मुलाची स्थिती अधिक कठीण. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणले आहे, त्यांपैकी कातकरी ही एक. दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपली की त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या मुलास शाळेत मिळणारे महिने मोजके. त्यांतही त्याची घरची भाषा शिक्षकाच्या कानाला अनोळखी असेल, तर शिकण्याचा काळ निम्म्याने घटतो. या मुलांसाठी वाडीवरीलच कोणी लिहिता-वाचता झालेला तरुण पहिल्या दोन इयत्तांत शिक्षकाच्या जोडीला द्यावा, अशी माझी फार दिवसांची मागणी आहे आणि ती मी येथे पुन्हा मांडतो.

या बोलींची दखल विद्वानांनी घेतलेली नाही असे नव्हे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो मराठीचा. त्यात आगरी, काथोडी (म्हणजे कातकरी), ठाकरी इत्यादी बोलींचे नमुने बायबलातील उधळ्या पुत्राच्या एकाच गोष्टीच्या रूपाने दिलेले आहेत. शंभरांहून अधिक वर्षांनी, गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादिला. हे दोन्ही उद्योग थोर होत. मात्र ते ग्रंथालयात राहिले आणि तिसरीच्या वर्गापर्यंत पोहोचले नाहीत. पेण तालुक्याने देशाला दिलेला सर्वात मोठा भाषाभ्यासी ग्रंथालयात बसून राहिला नव्हता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते: १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा भावे ज्या प्रांतात पायी गेले त्या प्रांताची भाषा शिकत गेले, तेथील संतवचने त्यांनी तोंडपाठ केली, आणि जपानीसारख्या दूरच्या भाषेसही नागरी लिपी मानवेल असे ते मानीत. ज्याला लोकांशी बोलावयाचे आहे त्याने आधी त्यांची भाषा ऐकावी, हा धडा पेणेच्या शिक्षकाला परदेशातून आणावयास नको. तो त्याच्या तालुक्यातच जन्मला आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिल्या भागात खाडीपट्टीचे वर्षभराचे वेळापत्रक, दुसऱ्यात आगरी बोलीचे उच्चारनियम व शब्दांची रकानेवार यादी, तिसऱ्यात डोंगरवाड्यांवरील अनुभव दिले आहेत. रोह्याच्या कारखान्यांमुळे उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची मुले आता मराठी शाळांत दिसतात. त्यांच्याविषयीचा भाग लहान आहे, कारण तो विषय वाढत्या वयाचा आहे. शब्दयाद्या पूर्ण नाहीत. एका खाडीच्या दोन काठांवरही शब्द बदलतो, तेव्हा त्या कोणा एकट्याच्या हातून पूर्ण होणे शक्यही नाही.

म्हणून घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून या दोन तालुक्यांत रुजू होणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती एवढीच आहे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज जरूर करा; आपल्या घराची ओढ कोणाला नसते? पण तो मंजूर होईपर्यंतच्या काळात एक वही करा, तिच्यात मुलांच्या तोंडचे शब्द मुलांनी उच्चारले तसेच, तारीख आणि गाव घालून, लिहून ठेवा, आणि बदली झाली म्हणजे ती वही आपल्या जागी येणाऱ्या शिक्षकाच्या हाती कार्यभारासोबत द्या. हजेरीपट, साठा-नोंदवही आणि शाळेच्या किल्ल्या यांच्या यादीत तिचेही नाव लिहा.